तबकडी की चिप?

घरात जिला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं असा समज असतो, तिला दोन प्रश्न कायम विचारले जातात. पहिला, 'कोणता मोबाईल घेऊ?' आणि दुसरा, 'कॉम्प्युटर फार स्लो झालाय, काय करू?' पहिल्याला मी हल्ली उत्तरच देत नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र बरीच वर्षं अगदी सोपं होतं: आतली हार्डडिस्क काढा आणि एसएसडी टाका. एका वाक्यात काम व्हायचं, आणि ज्याला सांगितलं तो महिनाभर आभार मानत राहायचा.

२०२५ च्या दिवाळीनंतर हाच प्रश्न बाबांनी विचारला आणि या वेळी उत्तर एका वाक्यात मावेना. फॅमिली ग्रुपवर त्यावर एवढी चर्चा झाली (आणि एवढी अर्धवट!) की म्हटलं, एकदा सगळं नीट इथे लिहूनच टाकावं. नेहमीच्या वाचकांनो, मध्ये मध्ये घरगुती उल्लेख येतील, तेवढे चालवून घ्या. नातेवाईकांनो, शेवटपर्यंत वाचा. तुमच्यासाठी शेवटी काम आहे.

तर, बाबांचा डेस्कटॉप २०१४ सालचा. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम आणि एक टेराबाइटची हार्डडिस्क. बाबा साताऱ्याला असतात, वय ७६. सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबायचं, मग तुळशीला पाणी घालायचं, मग पेपरचं पहिलं पान वाचायचं, तोवर पडद्यावर काहीतरी दिसायला लागतं. याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांना एवढंच वाटत होतं की मशीन म्हातारं झालंय, आणि म्हाताऱ्यांना वेळ लागतोच.

त्या मशीनमध्ये आहे काय, हे सांगायला हवं. १९८६ ते १९९१ या काळात बाबांनी आजीच्या ओव्या आणि जुन्या गोष्टी टू-इन-वनवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. एकतीस कॅसेटी. निवृत्तीनंतर त्यांनी त्या एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या. कॅसेटींना बुरशी लागली होती. काही वाजता वाजता तुटल्या, काही एकदाच वाजल्या आणि मग नुसतीच खरखर. आज त्यातल्या अकरा कॅसेटी वाजतच नाहीत. म्हणजे त्या अकरांपुरतं बोलायचं तर आता हार्डडिस्कवरची फाईल हीच मूळ प्रत. आजी २००९ मध्ये गेली. तिला पुन्हा कोणी गायला सांगू शकत नाही.

दिवाळीत घरी गेले तेव्हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम चालवून पाहिला. प्रत्येक डिस्क स्वतःबद्दलची काही टिपणं ठेवत असते: किती तास चालली, किती जागा खराब झाल्या, त्यांच्याऐवजी राखीव जागा किती वापरल्या. बाबांची डिस्क २१ हजार तास चालली होती आणि खराब म्हणून बदललेले सेक्टर होते ४०. तीन आठवड्यांनी फोनवरून त्यांना परत बघायला सांगितलं. ११२. नुसते चाळीस असते आणि चाळीसच राहिले असते, तर काही महिने निघाले असते. आकडा वाढायला लागला की मात्र थांबायचं नसतं. त्याच शनिवारी साताऱ्याला जाऊन आधी सगळं एका पोर्टेबल डिस्कवर उतरवून घेतलं आणि मगच 'नवीन काय घ्यायचं' या वादात पडले.

वादात दोन पक्ष होते. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "ताई, फिरणाऱ्या डिस्कचे दिवस संपले. एक एसएसडी टाक, सगळं त्यावर ने आणि विषय संपव." मामाचं म्हणणं उलटं. तो आयुष्यभर यंत्रांत राहिलेला माणूस. "अगं, डिस्क बिघडली तर आधी आवाज करते. टकटक करते, कुरकुर करते. ती चिप एक दिवस गप्प होते ती कायमचीच." दोघांचंही बरोबर आहे, आणि तीच तर पंचाईत आहे.

हे दोन्ही प्रकार आत काय करतात ते थोडं बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. हार्डडिस्क म्हणजे जवळजवळ ग्रामोफोनच. तबकडी फिरते, एका दांडीच्या टोकाला डोकं असतं, ते हव्या त्या वर्तुळावर जाऊन चुंबकीय खुणा वाचतं. फरक एवढाच की हे डोकं तबकडीला टेकत नाही. हवेच्या पातळ थरावर, काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस याच्या कित्येक हजार पट जाड असतो. कल्पना जुनी आहे. १९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक नावाचं यंत्र आणलं. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरं मावत. आजीच्या आवाजाच्या हिशेबात सांगायचं तर अर्धा मिनिटसुद्धा नाही!

आता वेगाचं गणित. डेस्कटॉपची नेहमीची डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडं जास्त. त्याआधी दांडीला योग्य वर्तुळावर जायला आठ-नऊ मिलिसेकंद. सगळे मिळून बारा-तेरा. म्हणजे विखुरलेल्या छोट्या छोट्या गोष्टी आणायच्या असतील तर सेकंदाला जेमतेम ऐंशी. एकच मोठी फाईल सलग वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी सहज देते. पण कॉम्प्युटर सुरू होताना एक मोठी फाईल नसते, हजारो चिल्लर फाईली असतात. गोदामातल्या एकाच म्हाताऱ्या कारकुनाला हजार चिठ्ठ्या दिल्या आणि प्रत्येक वस्तू वेगळ्या रॅकवर असली, तर दुसरं काय होणार? तुळशीला पाणी घालून येईपर्यंत वेळ लागणारच.

एसएसडीत काहीच फिरत नाही. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये नँड फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली, तीच हिच्यात असते. कल्पना करा की अंगणात अब्जावधी चिमुकले रांजण मांडलेत. पाण्याच्या जागी इलेक्ट्रॉन. रांजणात किती पाणी आहे ते पाहून आत काय लिहिलंय ते ठरतं. सुरुवातीला फक्त रिकामा की भरलेला एवढंच बघत. आता बहुतेक एसएसडीत एकाच रांजणात आठ पातळ्या ओळखतात, स्वस्तातल्या काहींत सोळा. कुठलाही रांजण पाहायला मिलिसेकंदाचा छोटासा अंश पुरतो, मग तो अंगणाच्या कुठल्याही कोपऱ्यात असो. म्हणून ऐंशीच्या जागी हजारो.

पण रांजण म्हटला की झिरपणं आलं. प्रत्येक वेळी रिकामा करून भरताना तो थोडा झिजतो. म्हणून एसएसडीवर किती लिहिता येईल याची हमी ठरलेली असते. एक टेराबाइटच्या बऱ्याच चांगल्या एसएसडींना ही हमी ६०० टेराबाइटची असते. रोज ५० जीबी लिहिलं तरी त्याला बत्तीस-तेहतीस वर्षं लागतील. बाबा रोज ५० जीबी लिहीत नाहीत. त्यामुळे 'एसएसडी झिजते' ही भीती घरगुती वापरात सोडून द्यावी.

खरी गोष्ट वेगळी आहे. वीज न देता कपाटात ठेवलेली एसएसडी हळूहळू विसरते. जेडेक ही मानकं ठरवणारी संस्था आहे. तिच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने, तिची सगळी हमी वापरून झाल्यावर, ३० अंशांत वीजेविना एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. नवी एसएसडी याहून खूपच जास्त टिकवते, पण उष्णता वाढली की हा काळ घटतो. आता आपल्याकडची मे महिन्यातली लोखंडी कपाटं आठवा. जी गोष्ट 'ठेवून द्यायची' आहे ती एसएसडीवर घालून कपाटात टाकायची नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मामाच्या मुद्द्यातही तथ्य आहे. हार्डडिस्क बहुतेक वेळा (नेहमी नव्हे हं मामा!) जाण्याआधी चिन्हं दाखवते. आमच्या डिस्कनेही दाखवलीच की. शिवाय ती बिघडली तर धूळविरहित खोलीत उघडून, डोकं बदलून माहिती परत मिळवणारे लोक आहेत. खर्च नव्या डिस्कच्या कैक पट, पण वाट असते. एसएसडीत पुसलेली गोष्ट बऱ्याचदा खरोखरच पुसली जाते, कारण ती मोकळ्या झालेल्या जागा मागच्या मागे साफ करून ठेवते. आणि तिचा कंट्रोलर गेला की रांजण भरलेले असूनही कुठला रांजण कशाचा, हे सांगणारं कोणी उरत नाही.

मग हार्डडिस्कच जास्त भरवशाची का? तसंही नाही. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी आपल्याकडच्या हजारो डिस्कची आकडेवारी २०१३ पासून प्रसिद्ध करते. सगळ्या मिळून पाहिलं तर वर्षाला शंभरातल्या साधारण एक-दोन हार्डडिस्क जातात. ऐकायला कमी वाटतं. पण दहा वर्षं वापरायची म्हटली तर हा जुगार होतो, आणि शंभरातली ती एक आपली नसेलच असं नाही. शिवाय हार्डडिस्कला पडणं सोसत नाही, धक्का सोसत नाही.

तिसरा मुद्दा विजेचा. आमच्याकडे वळवाचा पाऊस आला की दिवे जातात. हार्डडिस्कची यात एक गंमत आहे. वीज अचानक गेली तर फिरत्या तबकडीचीच उरलीसुरली ऊर्जा वापरून ती आपलं डोकं सुरक्षित जागी नेऊन ठेवते. चालत्या बैलगाडीतून उडी मारताना माणूस पाय सावरतो ना, तसं. घरगुती एसएसडीत सहसा मोठे कपॅसिटर नसतात, त्यामुळे त्या क्षणी जे लिहिणं चाललं असेल ते अर्धवट राहू शकतं. दोन्हींवर उपाय एकच, चालू बॅटरीचा यूपीएस. बाबांच्या यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती, ती आधी बदलली.

चुलतभावाने मग हिशेब मांडला, आणि तो बिनतोड होता. एकतीस कॅसेटी, प्रत्येकी तासाची, उत्तम दर्जाच्या ध्वनीत मिनिटाला साधारण १० एमबी. म्हणजे सगळी आजी मिळून जेमतेम २० जीबी! त्यात स्कॅन केलेले फोटो आणि लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी धरल्या तरी दोनशे जीबीच्या आत. "ताई, पाचशे जीबीच्या एसएसडीत सगळं मावतं. वर जागा उरते. दुसरी डिस्क कशाला?"

मावतं, हे खरंच. पण एका ठिकाणी मावतं म्हणून एकाच ठिकाणी ठेवायचं नसतं. आणि दोन ठिकाणी ठेवायचं असेल, तर दोन्ही ठिकाणं एकाच रोगाने मरणारी नसावीत. २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने आपल्या काही एसएसडींबद्दल जाहीर केलं होतं की आतल्या प्रोग्रॅममधल्या दोषामुळे त्या बरोबर ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील, आणि माहिती परत मिळणार नाही. त्या मोठ्या सर्व्हरमधल्या एसएसडी होत्या, घरातल्या नव्हेत, आणि दुरुस्तीही लगेच आली. पण विचार करा, एकाच दिवशी बसवलेल्या अशा दोन एसएसडी, एकीवर मूळ आणि दुसरीवर प्रत, तर दोन्ही एकाच तासाला गेल्या असत्या. आपल्याकडे शेतकरी एकच पीक सगळ्या रानात घेत नाही, ते याचसाठी. तबकडीला धक्का मारतो, चिपला चार्ज झिरपणं मारतं. एकीला जे होतं ते दुसरीला सहसा होत नाही. म्हणून मला दोन्ही हव्या होत्या.

खरेदीला तपकीर गल्लीत गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, हार्डडिस्क आता कोण घेतं? सीसीटीव्हीवाले घेतात." त्याला सांगितलं, कौलारू नको. तो हसला, पण त्याला कळलं. हल्ली बऱ्याच हार्डडिस्कमध्ये जागा वाचवण्यासाठी पट्टे कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात. घरावरचं मधलं कौल बदलायचं तर वरची कौलं उचलावी लागतात, तसंच इथे. मधलं काही बदलायला गेलं की शेजारचंही परत लिहावं लागतं, आणि डिस्क फार मंदावते. काही कंपन्या हे न सांगता अशा डिस्क विकत होत्या हे २०२० मध्ये उघड झालं, तेव्हापासून मॉडेल नंबर पाहूनच घ्यावं. किमती मुद्दाम लिहीत नाही. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटासेंटरांमुळे रॅम आणि एसएसडी दोन्ही महागल्या आणि दर सारखे बदलत राहिले. पण जीबीच्या हिशेबात हार्डडिस्क स्वस्त पडते हे अजून तसंच आहे.

शेवटी असं केलं. ५०० जीबीची साधी साटा एसएसडी, तिच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम आणि रोजचं काम. (जास्त वेगवान एनव्हीएमई एसएसडी लावायला बाबांच्या मदरबोर्डवर खाचच नाही, आणि बाबांना तो फरक जाणवलाही नसता.) विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला चालत नाही, म्हणून लिनक्स मिंट टाकलं. बाबांचं ऑडॅसिटी त्यावर चालतं, तेवढं त्यांना पुरे. दुसरी, २ टेराबाइटची नवी हार्डडिस्क, तिच्यावर रोज रात्री आपोआप प्रत जाते. तिसरी प्रत त्या पोर्टेबल डिस्कवर, माझ्या घरी पुण्यात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम असाच आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. जुनी डिस्क काढून, वर तारीख लिहून ठेवली आहे.

प्रती झाल्यावर दोन्हीकडच्या फाईली हुबेहूब जुळतात का ते प्रोग्रॅमने तपासलं. चार फाईली जुळल्या नाहीत. तीन पहिल्या प्रतीतून, पुन्हा वाचून, परत मिळाल्या. एक नाही मिळाली. वाजणाऱ्या कॅसेटींपैकीच होती, म्हणून बाबांनी ती कपाटातून काढली आणि आठवडाभर खपून पुन्हा उतरवली. न वाजणाऱ्या अकरांपैकी असती तर काय, हे आम्ही दोघांनीही मोठ्याने म्हटलं नाही.

आता मशीन पंचवीस सेकंदांत सुरू होतं. पहिल्या दिवशी बाबा सवयीने बाहेर गेले आणि दारातूनच मागे वळले. मग खुर्चीत बसून म्हणाले, "अगं, यात काही फिरत नाही, आवाज नाही. आत काम चाललंय हे कळायचं कसं?" मी त्यांना नव्या हार्डडिस्कचा आवाज ऐकवला, रात्री प्रत घेतानाचा. ते समाधानाने म्हणाले, "हां, हे बरं आहे." तीस वर्षं ज्यांनी आजीच्या ओव्यांमागची जात्याची घरघर ऐकली, त्यांना फिरणाऱ्या वस्तूचा भरवसा वाटला तर नवल नाही. हल्ली ते पेपर वाचायच्या वेळात कॅसेटींची यादी करताहेत: कुठली ओवी, कुठल्या साली, मागे कोण खोकतंय. ही माहिती कुठल्याच डिस्कवर नव्हती, फक्त त्यांच्या डोक्यात होती, आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. एसएसडीने वाचवलेल्या मिनिटांचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

असो. आता नातेवाईकांसाठीचं काम. आत्या, तुमच्याकडे नाशिकला चौथी प्रत पाठवतेय, ती वर्षातून एकदा लावून बघायची आणि दोन फाईली ऐकायच्या. मामा, तुझ्याकडचे व्हिडिओ अजून त्या एकाच डिस्कवर आहेत, आणि ती आवाज करेल म्हणून वाट बघू नकोस. बाकी मंडळी, तुम्ही तुमच्या घरचं असं काय, कशावर आणि किती ठिकाणी ठेवलंय ते जरूर लिहा. कौलारू डिस्क ओळखायची सोपी युक्ती कुणाला माहीत असेल तर तीही हवी आहे.